खोलीपालट

वाघजाईवाडीच्या सरूबाईनं पाच खोल्या बांधल्या, त्यातल्या चार भाड्यानं दिल्या आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली. इतरांना डोक्यावर छप्पर नसलं की झोप येत नाही. सरूबाईला छपरं जास्त झाली म्हणून येत नव्हती.

नारायणगावाहून जुन्नरकडं निघालं, की रस्त्याच्या कडेला ही पाच खोल्यांची रांग लागायची. वर पत्रा, पुढं लांबलचक ओटा, ओट्यापुढं अंगण आणि अंगणात एक कडुनिंब. पहिली खोली रस्त्याच्या अंगाला. तिच्या दाराशी नळ, खिडकीतून वारा, आणि ओट्यावर बसलं की येणारी-जाणारी प्रत्येक एस्टी दिसायची. तिथून आत आत जावं तसा वारा कमी होत जायचा. पाचव्या खोलीला टेकून सगळ्या चाळीचा मिळून एक संडास होता. पाचव्या खोलीचं एवढं वर्णन पुरे.

या खोल्यांत चार बिऱ्हाडं राहत होती आणि पाचवी सरूबाई स्वतः. पण कोण कितव्या खोलीत राहतं असं विचारलंत, तर आधी महिना कुठला चालू आहे ते सांगावं लागे. कारण दर अकरा महिन्यांनी अख्खी चाळ एकेक खोली पुढं सरकत असे. पहिलीतला दुसरीत, दुसरीतला तिसरीत, असं करत पाचवीतला पुन्हा पहिलीत. याला चाळीत खोलीपालट म्हणत. पोस्टमननं तर नादच सोडला होता. तो अंगणात उभा राहून नावं पुकारायचा आणि कुणी आलं नाही तर पत्रं निंबाखाली दगड ठेवून जायचा.

हे खूळ सरूबाईच्या डोक्यात घातलं ते तिच्या सासऱ्यानं. मीना नदीच्या काठाला त्याची काळीभोर जमीन होती. ती त्यानं एका माणसाला कसायला दिली होती. पुढं कूळकायदा आला, कसेल त्याची जमीन असं ठरलं, आणि जमीन कसणाऱ्याच्या नावावर गेली. यात कायद्याचं काही चुकलं असं नाही. त्या माणसानं त्या रानात हाडं झिजवली होती आणि सासरा पारावर बसून पानं खात होता, हे सरूबाईलाही दिसत होतं. पण ती तेव्हा नवी नवरी होती. सासरा दर दिवाळीला त्या बांधावर जाऊन उभा राहायचा आणि घरी येऊन न जेवता झोपायचा, हेही तिनं बघितलं होतं. "सरू, मानूस एका जागी रुतू द्यायचा न्हाई. रुतला की ती जागा त्याची," एवढी एकच इस्टेट म्हाताऱ्यानं सुनेच्या हाती ठेवली.

मग खोल्या बांधून झाल्यावर ती जुन्नरला गेली. कचेरीबाहेर झाडाखाली बसणाऱ्या एका अर्ज लिहिणाऱ्यानं तिला सांगितलं, की करार अकराच महिन्यांचा करा आणि अकरा महिने भरले की खोली सोडायला लावा. तो बिचारा सगळ्याच घरमालकांना हेच सांगत असणार. सरूबाईनं मात्र त्याचा शब्द न् शब्द धरला. खोली सोडायला लावा म्हणाला होता, चाळ सोडायला लावा म्हणाला नव्हता. मग चांगली माणसं घालवायची कशाला? सरकवली की झालं.

पहिल्याच खोलीपालटीला चिमाजी आडवा आला. हा सगळ्यात जुना भाडेकरू, एकटा गडी. नारायणगावच्या मार्केटात टोमॅटो तोलायचा आणि घरी आल्यावर माणसं तोलायचा. चाळीत काहीही ठरलं, की त्यात काय कमी आहे ते चिमाजी सांगणार, हे ठरलेलं.

"तुमी हलनार का बाई?" तो दारात बसून म्हणाला. "तुमी हलला तर आमी हलू. न्हाईतर मी काय हितनं उठत न्हाई."

सरूबाईनं आपला स्टोव्ह उचलला आणि ती सगळ्यांच्या आधी अंगणात येऊन उभी राहिली. तेव्हापासून मालकीणही रांगेत फिरू लागली. पाचवी खोली तिच्याही वाट्याला येई, आणि नाकाला पदर लावून का होईना, ती अकरा महिने तिथं काढी.

चाळीत आणखी दोन नियम होते. भिंतीत खिळा ठोकायचा नाही आणि जमिनीत रोप लावायचं नाही, कारण दोन्हींनी माणूस रुततो. त्यामुळं कढीपत्ता तेलाच्या डब्यात होता, तुळस फुटक्या बादलीत होती आणि झाडून सगळी कॅलेंडरं फळीवर आडवी पडलेली असत. सरूबाईनं स्वतःलाही सूट दिली नव्हती. तिच्या मालकांचा, म्हणजे कैलासवासी गोरखरावांचा फोटो भिंतीवर कधीच चढला नाही. तो डब्यांना टेकून उभा असे. प्रत्येक खोलीपालटीत तो एकदा तरी पिठाच्या डब्यामागं पडायचा. मग सरूबाई त्याला पदरानं पुसायची आणि म्हणायची, "थांबा वाईच. जागा पक्की झाली की लावते तुमाला." जागा पक्की होऊ न देणारी हीच, पण गोरखराव जिवंतपणीही फारसे उलट बोलत नसत.

संध्याकाळी सगळे ओट्यावर बसले की एकच विषय निघायचा. घर स्वतःचं असावं की भाड्याचं? त्या काळात हा वाद देशभर चालला होता. वर्तमानपत्रांत घरकर्जाच्या व्याजावर लेख यायचे, पुढारी स्वस्त घरांची आश्वासनं द्यायचे, आणि पुण्याच्या फ्लॅटच्या जाहिराती थेट नारायणगावच्या स्टँडपर्यंत आल्या होत्या. पण ओट्यावरचा वाद त्याहून रंगायचा. इथं घर घ्यायची ऐपत कुणाचीच नव्हती, त्यामुळं मतं मांडताना कुणाचा हात आखडत नव्हता.

भाड्याच्या बाजूनं पारस बोलायचा. त्याचं नारायणगावात कापडाचं लहानसं दुकान होतं. वडील माणिकचंद बाजारपेठेत तीन मजली घरात राहायचे. त्यांच्याशी बिनसल्यामुळं पारस बायकोला, रीनाला घेऊन वेगळा निघाला होता.

"मावशी, घर घेणं म्हणजे पैसा भिंतीत चिणणं," तो म्हणायचा. "भिंत कधी नफा देते का? माणसानं मालासारखं फिरतं राहावं. मला विचाराल तर खोली कुठलीही द्या, सगळ्या सारख्याच." हे ऐकलं की रीना आत एखादं भांडं जरा जोरात ठेवायची.

"शेठ, तुमच्या वडलांचं घर हाय म्हनून सुचतंय हे," भगवंत म्हणायचा. तो नारायणगाव-जुन्नर जीप चालवायचा. "आमच्या आरतीनं पन केलाय, सोताच्या घरात पाऊल टाकंन तवाच नवी पैठनी नेसंन."

"ह्यांनी लई सोपा केलाय त्यो पन," त्याची बायको आरती म्हणायची. "पैठनीबी वाचली आन् घरबी."

या दोघांच्या मध्ये धोंडाबाई. ती आहुप्याची. डोंगरातलं गाव सोडून इकडं अंगणवाडीत खिचडी शिजवायला आलेली. "माजं आहुप्याला घर हाय की," ती तांदूळ निवडता निवडता म्हणायची. "दगडी जोत्याचं हाय. पर तितं पोट भरत न्हाई. हितं पोट भरतं तर घर न्हाई. दोनी एका जागी कुटं मिळत्यात ते कुनीतरी सांगा, मंग भांडा." मग वाद दुसऱ्या दिवसावर जाई.

सरूबाई या वादात पडायची नाही. तिचा मुलगा सोपान भोसरीला कंपनीत होता आणि त्यानं कर्ज काढून चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. सून हर्षाली मनानं चांगली होती. "आई, त्या खोल्या एकदाच्या विकून टाका आणि इकडं या," असं ती दर फोनला सांगायची. सरूबाई एकदा जाऊन आली होती. तिनं खिडकीतून खाली बघितलं आणि विचारलं, "ही खालची जमीन कुनाची?"

"सगळ्यांची, आई."

"म्हंजी कुनाचीच न्हाई," सरूबाई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या एस्टीनं परत आली. चौथ्या मजल्यावर तिचा जीव टांगल्यासारखा होत होता. या खोल्या हातच्या गेल्या तर म्हातारपण त्या खिडकीशी काढावं लागणार, हे तिला पक्कं माहीत होतं. ती भीती तिनं कुणाला कधी सांगितली नाही. ती नुसती माणसं सरकवत राहिली.

दोन हजार साल उलटून गेलं आणि भागूनानाला घरांचा प्रश्न सापडला. भागूनाना पंचायतीच्या तीन निवडणुकांत पडलेला. चौथीसाठी त्याला एखादा विषय हवाच होता. त्यानं वाघजाईच्या देवळापुढं सभा घेतली, लाउडस्पीकर लावला आणि गर्जना केली, "कसेल त्याची जमीन झाली! आता राहील त्याचं घर!"

चिमाजी सभेहून आला तो थेट सरूबाईच्या स्टोव्हपाशी. "ऐकलं का बाई? राहील त्याचं घर. आता आमीच मालक."

तो थट्टा करत होता. पण तव्यावरची भाकरी करपली तरी सरूबाईला कळलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं सासरा बांधावर उभा राहिला. त्यातच चिमाजीनं दुसरी बातमी दिली. येत्या सोमवारी शाळेतले गुरुजी घरोघर येणार होते. कुणाला घर आहे, कुणाला नाही, कोण कुठं राहतं, सगळी नोंद होणार होती. सरूबाईनं दोन्ही बातम्या जोडल्या. सोमवारी जो जिथं सापडेल, ते त्याचं होणार!

त्याच संध्याकाळी तिनं चौघांना अंगणात बोलावलं.

"सोमवारी खोलीपालट," ती म्हणाली.

"आजून चार म्हयनं हायेत की," भगवंत म्हणाला.

"असूं दे. आन् गुरुजी आले की खोटं कुनी बोलायचं न्हाई. पर माजं नाव कुनी घ्यायचं न्हाई. मालक कोन इचारलं तर वर बघायचं."

"वर म्हणजे?" पारसनं विचारलं.

"वर म्हंजी वर. पत्र्याकडं."

यामागंही तिचा विचार होता. जमिनीला सीलिंग लागतं, जास्तीची सरकार घेतं, हे तिनं ऐकलं होतं. एकट्या बाईच्या नावावर पाच खोल्या दिसल्या तर चार जाणार, यात तिला शंका नव्हती. तेव्हा माणसंही एका जागी दिसायला नकोत आणि मालकही दिसायला नको. एवढा बंदोबस्त केल्यावर ती जरा निश्चिंत झाली.

सोमवारी उजाडताच खोलीपालट सुरू झाली. त्या खेपेला सरूबाई पाचवीत होती. रांग हलवायची तर पाचवी आधी रिकामी व्हायला हवी, म्हणून नेहमीप्रमाणं तीच आधी बाहेर पडली. ट्रंक, स्टोव्ह, वळकटी, डबे, एक कोंबडी आणि गोरखराव, एवढा संसार निंबाखाली आला. मग चौथीतले पारस आणि रीना पाचवीत गेले. तिसरीतली धोंडाबाई चौथीत गेली. दुसरीतले भगवंत-आरती तिसरीत गेले. आता पहिलीतला चिमाजी दुसरीत गेला, की पहिली सरूबाईची. पण चिमाजी पहाटेपर्यंत मार्केटात तोलून आला होता आणि आतून कडी लावून घोरत होता. हाका मारल्या, दार वाजवलं, कोंबडीसुद्धा ओरडली. चिमाजी उठला नाही. सरूबाई कंटाळून ट्रंकेवर बसली, फोटो मांडीवर घेतला आणि वाट बघू लागली.

नेमके तेव्हाच सुदर्शन गुरुजी आले. आंबेगाव तालुक्यातून नुकतीच बदली होऊन आलेले, गावात कुणाला ओळखत नव्हते. माणूस सरळ आणि कामाला पक्का. ते शेवटच्या टोकापासून सुरू झाले.

"या खोलीत कधीपासून राहता?" त्यांनी पाचव्या दाराशी विचारलं.

"आजपासून," पारस म्हणाला.

"मालक कोण?"

पारस आणि रीना दोघांनी पत्र्याकडं बघितलं. गुरुजींनीही बघितलं. पत्र्यावर काही नव्हतं.

चौथ्या दारात धोंडाबाई. "कधीपासून राहता?" "आजपासनं." तिसऱ्या दारात आरती. "आजच आलो बगा." मालक विचारला की सगळ्यांच्या माना वर. गुरुजी चक्रावले. इतक्या धार्मिक वस्तीत ते कधी आले नव्हते. दुसरी खोली रिकामी होती, पहिलीतून घोरण्याचा आवाज येत होता. आणि अंगणात, निंबाखाली, संसार पसरून एक म्हातारी नवऱ्याचा फोटो पोटाशी धरून बसली होती.

गुरुजी तिच्याजवळ गेले आणि त्यांनी तिचं नाव विचारून लिहून घेतलं. त्यांचा आवाज आपोआप मऊ झाला. "आजी, तुमचं घर कुठलं?"

सरूबाई सावध झाली. सरकारी माणसाला काही लागू द्यायचं नाही. "माजं कसलं घर," ती म्हणाली. "आज हितं, उद्या तितं."

"किती वर्षं चाललंय असं?"

"लई वर्सं झाली."

"आणि मुलंबाळं?"

"हायेत की. पर त्यांचं घर लई वर हाय."

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी खिशातून बिस्किटाचा पुडा काढून तिच्या हातात ठेवला आणि ते मान खाली घालून निघून गेले. सरूबाई खूश झाली. सरकार आलं आणि हात हलवत गेलं, वर बिस्किटंही देऊन गेलं. तिनं पुड्यातलं एक बिस्कीट कोंबडीला घातलं.

पुढच्या पंधरवड्यात ग्रामसभा भरली तेव्हा हे सगळं तिच्या अंगावर आलं. ग्रामसेवक गावातल्या बेघरांची नावं वाचत होते. पहिलंच नाव त्यांनी वाचलं, थांबले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. "सरूबाई. उघड्यावर राहते, निंबाच्या झाडाखाली."

अख्खी सभा हसली. बायका तर एकमेकींच्या अंगावर पडल्या. चाळीतले चौघे मात्र जमिनीकडं बघू लागले. ग्रामसेवकांनी पुढं वाचलं, "सदर ठिकाणी पाच खोल्या. रहिवासी आजच आलेले. मालक आढळला नाही."

आता भागूनाना उभा राहिला. अशी संधी त्याला तीन निवडणुकांत मिळाली नव्हती. "ऐका मंडळी! गुरुजींनी समक्ष बघून लिवलंय. मालक न्हाई! मंग खोल्या कुनाच्या? राहील त्याच्या! बोला, राहील त्याचं घर!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठी टाळी पडली ती भागूनानाच्याच गाळ्यात भाड्यानं दुकान चालवणाऱ्या न्हाव्याची. "बराबर हाय नाना, लई बराबर!" तो ओरडला. भागूनानानं त्याच्याकडं बघितलं, घसा साफ केला आणि हळूच खाली बसला.

पण ठिणगी तर पडलीच होती. सरूबाई उभी राहिली. "खोल्या माज्या हायेत," ती म्हणाली, पण तिचा आवाज तिलाच नीट ऐकू आला नाही.

"आहो आजी, सातबारा तुमचाच आहे, घाबरता कशाला?" ग्रामसेवक म्हणाले.

"सासऱ्याचाबी व्हता," सरूबाई म्हणाली.

त्यावर कुणी हसलं नाही. जुन्या लोकांना ती जमीन माहीत होती. सरपंच म्हणाले, "आसं करू. तितं जे राहत्यात ते हितंच हायेत. त्यांनीच सांगावं सभेपुडं, मालक कोन. नोंद दुरुस्त करू."

दहा वर्षं सरूबाई ज्या क्षणापासून पळत होती, तो हाच. तिचं सगळं आता या चौघांच्या जिभेवर होतं. तिनं त्यांना खिळा ठोकू दिला नव्हता, रोप लावू दिलं नव्हतं, भर उन्हात गाद्या डोक्यावर घेऊन फिरवलं होतं. त्यांनी फक्त वर बघितलं असतं तरी पुरलं असतं. पारस उठायला लागला, पण त्याला मागं सारून चिमाजी उभा राहिला. सरूबाईनं डोळे मिटून घेतले.

"मालक कोन ते मी सांगतो," चिमाजी म्हणाला. "ह्या बाईनं आमाला कॅलेंडर लावू दिलं न्हाई. सनावाराला तोरन बांदायचं तर दोरी हातात धरून उबं ऱ्हायचं का आमी? बसली घडी मोडायची आन् उटा, सरका! झोपंतनं उटून संडासाला निगालो तर आपन कितव्या खोलीत हाये त्येच कळत न्हाई, शेजारच्याच्या दारात जाऊन उबा ऱ्हातो मानूस. दोन डाव त्या पाचवीत निजलोय मी, नाक धरून. मंडळी, मला सांगा, मालकाबिगर असा जुलूम कुनाला जमतो का?"

सभा पुन्हा हसली. चिमाजी हसला नाही.

"पर एक सांगतो. त्या पाचवीत ही बाईबी निजलीय. आमच्याइतकीच. नळ आमच्या दारात आन् ही घागर घेऊन शेवटच्या टोकाला जायाची. आसला मालक म्या तरी दुसरा बगितला न्हाई. खोल्या सरूबाईच्या हायेत. ल्हिवा."

"लिहा," पारस म्हणाला. "ल्हिवा," भगवंत म्हणाला. धोंडाबाईनं नुसता पदर डोळ्यांना लावला. सुदर्शन गुरुजी पुढं आले आणि सगळ्यांसमक्ष म्हणाले, "आजी, चूक माझी. पण ती बिस्किटं मी मनापासून दिली होती." सरूबाईनं मान हलवली.

परत येताना सरूबाई सगळ्यांच्या पुढं चालत होती. तिला शरम वाटत होती आणि बरंही वाटत होतं. अंगणात शिरताच ती वळली आणि म्हणाली, "आजपासनं खोलीपालट बंद. ज्यो जितं हाये त्यो तितंच ऱ्हाईल. कायमचा."

तिला वाटलं, आता सगळे खूश होतील. पण सगळ्यांच्या नजरा हळूहळू पाचव्या खोलीकडं वळल्या.

"म्हणजे... कायम?" पारस म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "मावशी, असं कसं? अकरा महिन्यांचा करार आहे आपला!"

"शेठ, तुमाला तर समद्या खोल्या सारक्याच ना?" भगवंतनं विचारलं.

"त्या फिरत्या असताना!" पारस ओरडला.

"आन् माजं काय?" धोंडाबाई पुढं आली. "पाचवी झाली की मला पयली मिळनार व्हती. माजी पयली कुटं गेली?"

"तिसरी गळती, मी सांगून ठेवते," आरती म्हणाली. "कायमच्या गळतीत मी न्हाई ऱ्हानार."

"चिठ्ठ्या टाका," भगवंत म्हणाला. चिठ्ठ्यांना कुणी तयार होईना. दहा वर्षं ओट्यावर घराचा वाद घालणाऱ्या माणसांचं पहिल्यांदाच खरोखरीचं भांडण लागलं. रीनानं तर माणिकचंदांच्या तीन मजली घराचा उल्लेख केला, जो ती कधीच करत नसे. सरूबाई तोंडाला पदर लावून ऐकत राहिली. आपण भीतीपोटी जे केलं, तोच या चाळीतला न्याय होता, हे तिला आत्ता उमगलं. पाचवी सगळ्यांची होती, म्हणून ती कुणालाच जड झाली नव्हती.

ती पहिल्या खोलीत गेली. चिमाजी त्या दिवशी शेवटी उठला तेव्हापासून ती तिथंच होती, आणि वारा काय चीज असते ते तिला नुकतं कुठं कळू लागलं होतं. ती स्टोव्ह घेऊन बाहेर आली आणि ओट्यावरून चालत शेवटच्या दाराशी गेली.

"रीना, काढ तुजं सामान. पयलीत जा."

"मावशी, आणि तुम्ही?"

"मी हितं ऱ्हाईन. मालकीन हाये मी, मी कुटं ऱ्हायाचं ते मी ठरवंन. तुमी चौगं चार खोल्यांत फिरा, वर्साला एकदा. भांडू नका."

"पर बाई, पाचवीत तुमी..." चिमाजी बोलू लागला.

"सभंनं ल्हिवून दिलंय, मालक कोन ते," सरूबाई म्हणाली. चिमाजी गप्प बसला. चाळीत असं पहिल्यांदाच घडलं.

सामान हललं. शेवटी गोरखरावांचा फोटो आला. सरूबाई तो डब्यांना टेकवायला वाकली, आणि वाकलेलीच थांबली. मग तिनं चिमाजीला हाक मारली. "चिमाजीभाऊ, खिळा हाये का एकादा?"

चिमाजीकडं खिळे होते. दहा वर्षं जपून ठेवलेले होते. हातोडी नव्हती म्हणून त्यानं तोलायचं एक किलोचं वजन आणलं. "कुटं ठोकू?" त्यानं विचारलं.

सरूबाई गोंधळली. कुठल्या भिंतीत, याचा विचार करायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. चिमाजीनं संडासाकडच्या भिंतीला खिळा लावला तेव्हा ती घाईनं म्हणाली, "तितं नगं, तितं नगं. त्यांना वास सोसायचा न्हाई. समोर लावा."

पहिला घाव बसला तशी गिलाव्याची खपली पडली आणि तिनं डोळे मिटले. पण भिंत काही पडली नाही. खिळा आत गेला, फोटो लागला. गोरखराव पहिल्यांदाच उंचावरून आपल्या बायकोकडं बघू लागले. दारात चौघं-पाचजण दाटीवाटीनं उभे होते, आणि त्यांचं लक्ष फोटोकडं नव्हतं, खिळ्याकडं होतं.

"मावशी," आरतीनं हळूच विचारलं, "आमीबी?"

सरूबाईला सासऱ्याचं बोलणं आठवलं. रुतला की ती जागा त्याची. तिनं खिळ्याकडं बघितलं, मग एकेकाच्या तोंडाकडं बघितलं.

"ठोका," ती म्हणाली. सगळे पळाले. तिनं दारात येऊन मागून ओरडून सांगितलं, "पर एका खोलीत एकच! आन् सरकताना उपटून न्यायचा न्हाई, खिळा खोलीचा हाये!"

चिमाजीचं वजन या खोलीतून त्या खोलीत फिरू लागलं. पहिलीत ठोकाठोक झाली, मग दुसरीत, मग गळक्या तिसरीत. पलीकडं कुणीतरी संडासाचं दार आपटलं. सरूबाई वळकटी पसरून जरा टेकली, आणि त्या सगळ्या गलक्यात भरदुपारी तिला गाढ झोप लागली.